शिवलीलाअक्कांचे असंख्य नातेवाईक

गेल्या वर्षी अकरा फेब्रुवारीला, मंगळवारी, सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी, येडशी स्टेशनाच्या मागच्या एका ओसरीवर बसून शिवलीलाअक्कांनी आपल्या नवऱ्याला तिसऱ्यांदा मारले. या वेळी ट्रक होता. पहिल्या वेळी हे काम काविळीने केले होते आणि दुसऱ्या वेळी विहिरीवरच्या मोटारीच्या वायरने. मी शेजारीच कोरी प्रश्नावली मांडीवर घेऊन बसले होते.

समोरची बाई विधवा होती. तिचा नवरा ट्रकखाली गेला होता, हे अक्कांना भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोवरून आणि शेजारणीच्या अर्ध्या वाक्यावरून कळले असावे. "खोटं कशाला बोलू माय," अक्का म्हणाल्या, "माझा बी असाच गेला. सकाळी चहा पिऊन गेला, दुपारी आणला." त्या बाईने डोळ्यांना पदर लावला आणि पुढच्या अर्ध्या तासात घरातली सगळी कमाई, सगळी उसनवारी आणि पुण्यातल्या मुलाची सुटलेली नोकरी ओळीने सांगून टाकली. याच बाईने आदल्या दिवशी मला "घरी कुणी न्हाई" असे सांगून दार लावले होते. सांगताना ती स्वतः दारात उभी होती.

"खोटं कशाला बोलू" हे अक्कांचे पालुपद होते. ते ऐकू आले की पुढचे वाक्य खोटे, हा नियम मी पहिल्याच आठवड्यात बसवला आणि त्याला पुढे अपवाद सापडला नाही.

आम्ही दोघी एका सर्वेक्षणावर कंत्राटी नोकरीला होतो. पुण्यासारख्या मोठ्या शहरात वॉचमनकी, धुणीभांडी किंवा बांधकामावरची मजुरी करणाऱ्या माणसांना महिन्यातून किती दिवस काम मिळते, हाती काय पडते आणि त्यांची गरिबी नेमकी कोठे सुरू होते, याचा तो अभ्यास होता. आधी सहा महिने आम्ही पुण्याच्या वस्त्या पालथ्या घातल्या. त्यातली पुष्कळ कुटुंबे आमच्याच धाराशिव जिल्ह्यातली निघाली, म्हणून दुसऱ्या फेरीत त्यांची मूळ गावे आणि त्याच गावांतली इतर काही घरे घ्यायची ठरली.

मी संख्याशास्त्रात एम.एस्सी. आहे. विद्यापीठात दुसरी आले. पहिली जी आली ती आता परदेशात असते आणि तिच्याविषयी मला येथे काही म्हणायचे नाही. अक्का बारावी झालेल्या, पन्नाशीच्या, लोहारा तालुक्यातल्या. एक सर्वेक्षण संपले की दुसरे धरत त्यांनी वीसएक वर्षे पुण्यात काढली होती. त्यांच्या प्रश्नावल्यांवर हळदीची बोटे असत, चहाची वर्तुळे असत, आणि एकदा तर बारा वर्षांच्या मुलाच्या नावापुढे कामाचा अनुभव पंधरा वर्षे असा पडला होता. मी तो दाखवला तेव्हा त्या म्हणाल्या, "कष्टाळू हाय पोरगं." माझ्या प्रश्नावल्या स्वच्छ होत्या. त्यांत खाडाखोड नव्हती, कारण बहुतेक रकान्यांत काही लिहिलेलेच नव्हते.

मला त्यांचा हेवा वाटे. हे मोजूनमापून लिहिते आहे, भावनेच्या भरात नव्हे. मी दारात उभी राहून "नमस्कार, आम्ही एका संशोधन प्रकल्पातर्फे आलो आहोत" असे म्हणेपर्यंत आतून "मालक बाहेर गेलेत" असे उत्तर येई. अक्का दारात उभ्याच राहत नसत. सरळ ओसरीवर बसत, तिथे जे काही निवडायला घेतलेले असेल ते सूप पुढे ओढत आणि खडे वेचता वेचता विचारत, "पाणी मिळंल का गं माय?" कर्नाटकाच्या शिवेकडच्या गावांत हाच प्रवेश कानडीत होई. "ऊटा आयता?", म्हणजे जेवण झाले का, एवढे विचारले की आतून ताट येई. एका गावात आम्ही दोघी एकाच वेळी एका ओसरीवर बसलो असता त्या घरच्या आजींनी अक्कांना शेंगाची पोळी दिली आणि मला, "ही कोण, हापिसर हाय का?" असे विचारून, खुर्ची दिली. मला पोळी आवडते.

आणि मग ते नातेवाईक. जिथे जे दुःख दिसेल त्या दुःखाचा एक माणूस अक्का आपल्या घरात तयार करत. बेकार मुलाच्या आईपुढे त्यांना दोन बेकार मुलगे होत. जिच्या मुलीचे लग्न जमत नसे, तिच्यापुढे त्यांची मुलगी तिशी ओलांडून घरी बसलेली असे. नवरा कळंबकडे दारू पीत असे, परंड्याकडे सैन्यात होता आणि तुळजापुरात, समोरची म्हातारी फार एकटी होती म्हणून, चक्क प्रेमळ निघाला. मी संगणकावर या मंडळींचा तक्ता केला होता. एका बाईला या वयात एवढा परिवार जीवशास्त्रदृष्ट्या शक्य नाही, असा माझा निष्कर्ष होता.

एका संध्याकाळी एसटीत मी विषय काढला.

"अक्का, ही उत्तरदात्याची दिशाभूल आहे."

"कुणाची?"

"उत्तर देणाऱ्या माणसाची."

"तिची कशाची भूल? तिला बरंच वाटलं की. आपल्यावानी अजून एक हाय म्हणून."

"पण ते खोटे आहे."

"आन् तू पुसतीस ते? आल्या आल्या, महिन्याला किती कमावता? तुझ्या आईला कुणी दारात उभं ऱ्हाऊन असं पुसलं तर काय म्हणंल ती?"

माझी आई तेरला असते. ती काय म्हणेल हे मला पक्के ठाऊक होते, म्हणून मी खिडकीबाहेर पाहू लागले.

खोटे तर सगळेच बोलत होते, हेही खरे. पुण्यात ज्या वॉचमनने मला पगार बारा हजार सांगितला होता, तोच गावी आलेला असताना पंचवीस सांगू लागला, कारण ओसरीवर मुलीकडची मंडळी बसली होती. मी दोन्ही आकडे लिहिले आणि समासात प्रश्नचिन्ह केले. अक्कांनी ते पाहून मान हलवली. "पुण्यातल्याला रेशनकार्ड सांभाळायचंय, गावातल्याला नवरी पाहिजे. माणूस एकच हाय, गरजा दोन हाईत." मी म्हणाले की सरासरी गरजांची काढत नाहीत. त्या म्हणाल्या, "म्हणून तर तुमचं जमत न्हाई."

प्रकल्प मार्चअखेर संपणार होता. त्यानंतर पुण्याच्या कार्यालयात पर्यवेक्षकाची एकच कायम जागा निघणार होती आणि अर्ज दोनच होते, माझा आणि अक्कांचा. माझ्याकडे पदवी होती, त्यांच्याकडे भरलेले रकाने. प्रकल्पप्रमुख सरांचा कल कोणीकडे आहे हे मला दिसत होते. मी त्यांच्या कानावर अक्कांच्या परिवाराची हकिकत घातली. सर म्हणाले, "लेखी द्या. सोमवारी मी ठरवणार आहे." मी दोन पानी तक्रार लिहिली. पहिले कलम असे होते: सर्वेक्षकाने उत्तरदात्यास कोणतीही असत्य माहिती देणे ही या पदासाठी अपात्रता समजावी. कलम मला फार आवडले. मी ते मोठ्याने वाचूनही पाहिले.

त्याच शुक्रवारी लोहारा तालुक्यातल्या घरांची निवड संगणकाने केली आणि त्यात अक्कांचे घर निघाले. स्वतःच्या घराची प्रश्नावली स्वतः भरता येत नाही, असा नियम आहे. ते घर माझ्याकडे आले.

अक्कांनी मला जिन्यात गाठले. इतक्या महिन्यांत त्यांनी माझ्याकडे काही मागितले नव्हते. "नंबर बदल की पोरी. शेजारचं घर घे. तिथं माणसं बी जास्त हाईत."

"निवडलेले घर बदलता येत नाही, अक्का. सगळा नमुनाच बिघडतो."

हे शास्त्रीयदृष्ट्या अचूक आहे. मला ते म्हणताना आनंद झाला, हेही अचूक आहे.

शनिवारी मी लोहाऱ्याहून जीपने त्यांच्या गावी उतरले. अक्का माझ्या आधीच येऊन जीपच्या थांब्यावर उभ्या होत्या. उन्हात डोक्यावर पदर घेऊन त्या माझ्यापुढे चालू लागल्या आणि चालता चालताच, मागे न पाहता बोलल्या.

"घरात आत्या हाय. माझी सासू. ती सांगल, लेक पुण्यात हाय, दर महिन्याला पैसे धाडतो, मी त्याच्यापाशी ऱ्हाते. त्यातलं पुणं तेवढं खरं हाय. तो हडपसरला दुसरीसंगं ऱ्हातो. बावीस वर्सं झाली. कवा रुपाया धाडला न्हाई. गल्लीला ठावं हाय, आत्याला न्हाई. तू तुझ्या कागदावर काय बी लिही. तिच्या पुढ्यात इचारू नको."

"मग पैसे कोण पाठवते?"

त्यांनी वळून माझ्याकडे अशा नजरेने पाहिले, की मी संख्याशास्त्रात दुसरी तरी कशी आले, असा प्रश्न त्यांना पडला असावा. मला हिशेब कळला. मार्चअखेर अक्कांचे कंत्राट संपले असते आणि ही जागा मला मिळाली असती, तर एप्रिलपासून त्या माणसाने घरी पैसे पाठवणे बंद केले असते.

घर दोन खोल्यांचे होते, वर नवे पत्रे. आत्या दारातच बसल्या होत्या. वय ऐंशीच्या पुढे, कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, एका डोळ्यावर नुकत्याच झालेल्या ऑपरेशनचा हिरवा चष्मा. फोनवर त्यांना काही ऐकू येत नसे, त्यामुळे मुलाचा आवाज हा प्रश्न त्या घरात उद्भवला नव्हता. मी नमस्कार करून खाली बसले. या खेपेस खुर्चीची वाट पाहिली नाही.

"हे पत्रं बघ," त्या म्हणाल्या, "माझ्या लेकानं, बसूनं घातले. डोळ्याचं बी त्यानंच केलं. ही काय, पुण्यात नुस्ती हिंडती. घर माझ्या बसूनं धरलंय."

"व्हय, आत्या," आतून अक्का म्हणाल्या आणि चुलीवर तवा ठेवला.

मी आमच्या अहवालावर माझे नाव आधी यावे म्हणून सरांशी तीन वेळा बोलले होते. नावे वर्णानुक्रमे येतील असे त्यांनी सांगितल्यावर मला दोन दिवस जेवण गेले नव्हते. आणि इथे एक बाई पत्रे, डोळा, किराणा, सगळे एका हडपसरच्या माणसाच्या नावावर जमा करून भाकरी थापत होती, शिवाय वर हिंडण्याबद्दल बोलणी खात होती. मला पुन्हा हेवा वाटला. तो कशाचा, हे मला नीट मांडता आले नाही.

मी पहिला प्रश्न विचारला. आत्यांनी उत्तर दिले नाही. हात लांब करून त्यांनी माझे मनगट धरले.

"तू बी पुण्यालाच असतीस म्हणं. आमचा बसू दिसतो का कधी? ही सांगती चांगला हाय म्हणून. पर ही सून हाय, नवऱ्याचं चांगलंच सांगंल. तू तिऱ्हाईत हैस. शिकल्याली हैस. तू खरं सांगशील."

आतला भाकरीचा आवाज थांबला. एका व्यक्तीने दिलेली माहिती दुसऱ्या स्वतंत्र व्यक्तीकडून पडताळून घ्यावी, हे मी स्वतः नव्या मुलींना शिकवत असे. तक्रार माझ्या पिशवीत होती.

"दिसतात," मी म्हणाले.

"कसा हाय?"

"चांगले आहेत."

"वाळला न्हाई ना?"

मला असल्या कामाची सवय नव्हती. मी जे सुचले ते सांगितले. "वजन बहात्तर किलो आहे."

आत्यांनी हिशेब केला. "जाताना काडी होता. भरला म्हणायचा." त्यांचा चेहरा उजळला. "केस पिकलं का गं?"

"अंशतः."

"अंश म्हंजी काय गं, शिवलीला?"

"थोडंसं, आत्या," अक्का आतून म्हणाल्या. त्यांचा आवाज कसातरीच आला. त्या हसत होत्या की काय, हे मला भिंतीमुळे दिसले नाही.

त्यानंतर आत्यांनी माझ्या सगळ्या प्रश्नांची उत्तरे दिली, न विचारलेल्यांचीही. अक्कांनी भाकरी आणली. आत्यांनी पहिला तुकडा शेंगाचटणीला लावून माझ्या हातावर ठेवला. नोकरीला लागल्यापासून मला कोणत्याही दारात मिळालेले ते पहिले अन्न.

सोमवारी मी तक्रार दिली नाही. तिचे पहिलेच कलम मला लागू होत होते आणि मी नियमाला अपवाद करत नाही. जागा अक्कांना मिळाली. माझे गुणपत्रक त्यांच्याहून कितीतरी चांगले आहे, हे मी आजही भेटेल त्याला सांगते. परवा बार्शी नाक्यावर भेटल्या तेव्हा त्यांनी विचारले, "रागावलीस का?" मी म्हणाले, "अंशतः."

पण त्या शनिवारी प्रश्नावलीचा एक रकाना उरला होता. 'बाहेरगावी राहून या घराचा खर्च चालवणारे सदस्य' असा तो रकाना आहे. त्यात नाव विचारलेले नसते, नुसती संख्या लिहायची असते. मी आत्यांना विचारले, "असे किती?" त्यांनी एक बोट वर केले, ताठ, अभिमानाने. अक्का शेजारी बसून त्यांच्या ताटातली भाकरी दुधात कुस्करत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

मी दोघींकडे पाहिले आणि लिहिले: १.