दार घेऊन प्रिंटर बघायला

प्रिंटर बघायला जाताना मी घराचं दार बरोबर नेलं, एवढं एका वाक्यात सांगितलं की ऐकणारा माझ्या मुलीकडे सहानुभूतीने बघतो. म्हणून सविस्तर सांगतो.

आमचं पाट्या बनवण्याचं छोटं दुकान आहे. पूर्वी कामाची वाटणी सोपी होती. अक्षरं मी रंगवायची आणि बाकीचं सगळं बायकोने, म्हणजे हिने, ठरवायचं. रंग कुठून आणायचा, कोणत्या गिऱ्हाइकाला नाही म्हणायचं, मी जेवायला कधी उठायचं. ही जाऊन दीड वर्ष झालं. तेव्हापासून दुकान मुलगी बघते आणि मी अक्षरांकडे बघतो.

मग दवाखान्याचं काम आलं. नवी इमारत, चाळीस दारं, आणि डॉक्टरबाईंना प्रत्येक दारावर थेट छापलेली अक्षरं हवी होती. चिकटवलेली पाटी नको, कारण रोज औषधाने पुसली की ती कोपऱ्यातून उठते. दारावर छापायचं तर फ्लॅटबेड प्रिंटर लागतो. म्हणजे पलंगाएवढं टेबल, त्यावर माल आडवा ठेवायचा, वरून छपाईचं हेड इकडून तिकडे धावतं आणि शाई दिव्याखाली जागच्या जागी वाळते. आमच्याकडे पलंग होता, प्रिंटर नव्हता.

"शुक्रवारी खऱ्या दारावर नमुना दाखवा, नाहीतर काम मोठ्या कंपनीला देते," असं बाईंनी बजावलं होतं. इकडे मुलीच्या पर्समध्ये दुसऱ्या शहरातल्या नोकरीचं पत्र होतं. काम मिळालं तर ती राहणार आणि दुकानही राहणार. नाही मिळालं तर दुकानाला कुलूप. (ते कुलूप कुठे ठेवलंय, हेही मला तिलाच विचारावं लागलं असतं.)

"बाबा, प्रिंटर तुम्ही निवडा," ती म्हणाली.

"मी?"

"अक्षर चांगलं की वाईट हे तुम्हालाच कळतं. दोन विक्रेते आहेत, दोघांशी मी बोलून ठेवलंय. जाताना आपला माल न्या, त्यावर छापून दाखवतील."

माल म्हणजे तळहाताएवढा तुकडा, हे साऱ्या धंद्याला माहीत आहे. मलाही होतं. पण ही नेहमी म्हणायची, "तुकड्यावर सगळंच छान दिसतं. खऱ्या वस्तूवर करून बघा." आणि दवाखान्याच्या दारांना जो दुधी सनमायका आहे, तोच आमच्या झोपायच्या खोलीच्या दाराला आहे. (तो हिने निवडलेला. मला निळा हवा होता. निळा असता तर पुढचं काहीच घडलं नसतं, पण हे तिला ऐकवायची आता सोय नाही.)

बुधवारी सकाळी मुलगी दुकानात गेली आणि मी स्क्रू काढायला बसलो. शेवटची बिजागरी सुटली तेव्हा दार माझ्या अंगावर टेकलं. बराच वेळ आम्ही दोघं तसेच उभे होतो. कोणी कोणाला धरलंय, ते बघणाऱ्याला सांगता आलं नसतं.

टेम्पोवाल्याने आधी दाराकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"काका, घर बदलताय?"

"नाही. प्रिंटर घ्यायचाय."

"असं होय," तो गंभीरपणे म्हणाला. "मग आज दार, उद्या खिडक्या."

पहिल्या विक्रेत्याच्या दुकानात तीन गिऱ्हाइकं हातात काचेचे, लाकडाचे छोटे तुकडे घेऊन बसली होती.

"आपला नमुना?" विक्रेत्याने हसून विचारलं.

"टेम्पोत आहे."

चौघांनी मिळून दार आत आणलं तेव्हा त्याचं हसू गेलं होतं. दवाखान्याच्या पाट्यांच्या फाइली पेन ड्राइव्हवर होत्या. त्याने 'डॉक्टरांची खोली' ही फाइल निवडली. आमचं दार मध्यभागी थोडं फुगलेलं आहे. (घरात सगळ्यांनाच वयाप्रमाणे तिथे फुगवटा आलाय.) हेड त्यावर खर्रकन घासलं. तरी अक्षरं उमटली. मग शाई कितपत धरते ते बघायला मी धंद्याच्या रीतीप्रमाणे ब्लेडने बारीक चौकटी ओरखडल्या, वर चिकटपट्टी दाबली आणि झटक्याने ओढली. 'डॉक्टरांची' चिकटपट्टीवर आली, 'खोली' दारावर राहिली. तीही स्पिरिटच्या एका बोळ्यात गेली. दार पुन्हा कोरं! मला इतका आनंद झाला की मी तिथूनच मुलीला फोन लावला.

"यंत्र झकास आहे! छापलेलं एका मिनिटात निघतं!"

"बाबा, आपण प्रिंटर घेतोय की खोडरबर?"

मी म्हटलं, तसा मीही त्याच निष्कर्षाला येतच होतो.

दुसऱ्या ठिकाणी एक ताई स्वतः यंत्र चालवत होत्या. दाराबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही, म्हणून मला त्या लगेच आवडल्या. त्यांच्या यंत्राने आधी दारावरून एक कोरडी फेरी मारली, फुगवटा हेरला आणि हेड आपलं आपण वर उचललं.

"कोणती फाइल घेऊ?"

"कुठलीही घ्या हो. नंतर पुसायचंच आहे."

"पुसायचंय?"

"सकाळपासून तेच करतोय. अनुभव आहे."

त्यांनी खांदे उडवले आणि यादीतली पहिली फाइल घेतली. दोन मिनिटांत दारावर ठसठशीत निळी अक्षरं उमटली : 'प्रसाधनगृह'. खाली बारीक ओळ : 'स्वच्छता राखा'. काय अक्षर होतं! वळणं स्वच्छ, कडा अशा की हाताने मला चाळीस वर्षांत जमल्या नाहीत. मी चिकटपट्टी ओढली, ती कोरीच आली. बोळा फिरवला. मग नख लावलं. मग निम्मी बाटली ओतली.

"ताई, हे जात नाहीये."

"कसं जाईल? त्यासाठीच तर लोक हे यंत्र घेतात."

"पण हे माझ्या झोपायच्या खोलीचं दार आहे."

ताई हळूच स्टुलावर बसल्या. "अहो, मग 'डॉक्टरांची खोली' तरी छापायला सांगायचं! घरात जरा मान राहिला असता."

स्पिरिट संपलं तेव्हा मी तेच यंत्र नक्की केलं. आयुष्यात इतक्या ठामपणे मी काहीही निवडलेलं नाही.

मुलगी यायच्या आत दार जागेवर बसवलं. कडी तेवढी बसवायची राहिली. ती आली, चप्पल काढता काढता थांबली आणि वाचत राहिली.

"बाबा."

"अक्षर कसं आहे ते बघ."

ती जवळ गेली. शिरोरेघेवरून सावकाश बोट फिरवलं, नखाने खरवडून पाहिलं. "अक्षर फार छान आहे," ती म्हणाली, आणि मग तिथेच जमिनीवर बसून जी हसायला लागली, ती थांबेना. तसं हसणं घरात बऱ्याच दिवसांत झालं नव्हतं. ते संपू नये म्हणून मी टेम्पोवाल्याचं बोलणंही सांगितलं, खरं तर ते मी लपवणार होतो.

पण नमुना आता घरात होता, आणि दार पुन्हा उतरवायची माझ्यात ताकद नव्हती. मुलीने डॉक्टरबाईंना फोन करून घरीच बोलावलं. शुक्रवारी, अकरा वाजता.

बाई साडेदहालाच आल्या. थेट बांधकामावरून, दोन्ही हात धुळीने माखलेले. मी आत कपडे बदलत होतो. बाहेरचा एकेक शब्द ऐकू येत होता.

"नमुना दाखवा. आधी जरा हात धुते."

"हो, या ना, इकडे... अहो, ते नाही, ते..."

दार उघडलं.

मी एक पाय पँटमध्ये घालून उभा होतो. पलंगावर माझ्या बाजूला चार दिवसांचे कपडे होते. दुसऱ्या बाजूला कोणी झोपत नाही, म्हणून तिथे प्रिंटरची माहितीपत्रकं, रंगाचे डबे, वर्तमानपत्रं आणि एक मोज्यांचा ढीग होता. बाईंनी खोलीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मग वळून दार पुन्हा एकदा वाचलं.

"या ना, बसा," मी म्हणालो. (दुसरं काय म्हणणार?)

त्यांनी दार ओढून घेतलं. बाहेरून नखाने खरवडल्याचा आवाज यायला लागला. माझा पाय अजून पँटच्या मधोमध अडकलेला. या खोलीपायी काम गेलं, दुकान गेलं, मुलगी गेली, असा हिशेब मी मनात पुरा करत आणला होता.

"लांबून वाचता येतं," बाई म्हणाल्या. "माणूस विचार न करता सरळ आत शिरतो. दारावर मला हेच हवंय. चाळीसही दारं तुम्ही करा."

मुलीने वही काढली. "काही बदल हवाय का?"

"एकच. ती खालची 'स्वच्छता राखा' ओळ आहे ना, ती दाराच्या आतल्या बाजूनेही छापा. आतल्या माणसाला ती दिसत नाही."

"लिहून घेते," मुलगी म्हणाली, आणि तिने ते खरोखरच लिहून घेतलं. पुढच्या महिन्यात यंत्र दुकानात आलं. त्यावर छापलेलं पहिलं दार दवाखान्याचं नव्हतं.