उपटू नका!

"माझ्या अंगणात बाहेरचं एक पान उगवणार नाही!" डॉक्टरांनी जाहीर केलं. तेव्हा त्यांचे दोन्ही हात पेशंटच्या तोंडात होते, त्यामुळे विरोध झाला नाही.

डॉक्टर दातांचे. दवाखान्यापुढे दोन स्कूटर उभ्या राहतील एवढं अंगण. तिथली हिरवळ आणि शोभेच्या कुंड्या त्यांनी एका रविवारी हद्दपार केल्या आणि टेकडीवरून स्वतः रोपं आणून लावली. अस्सल देशी, इथल्याच मातीतली! पाणी कमी, निगा कमी, आणि फुलपाखरं फुकट!

तीन महिन्यांत बाग अशी फोफावली, की अंगण वर्षभर कात्री न लागलेल्या डोक्यासारखं दिसू लागलं. फुलपाखरं आली, पेशंट मात्र रोडावले. अपॉइंटमेंट लिहिणाऱ्या ताईंना रोज फोन येई, "दवाखाना बंद पडला का हो? पुढे रान माजलंय म्हणून विचारलं."

ताई कंटाळल्या. बुधवारी सकाळी डॉक्टर आत दाढ भरण्यात गुंतलेले बघून त्यांनी बाह्या सरसावल्या आणि दिसेल ते उपटायला सुरुवात केली. बाहेर चार पेशंट जीव मुठीत धरून बसले होते. खुर्चीत जाण्यापेक्षा गवत उपटणं केव्हाही बरं! चौघंही उत्साहाने धावले.

आत खुर्चीत होते सर. जन्मभर वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. इंजेक्शनने त्यांचं अर्धं तोंड बधिर झालं होतं. त्यांची नजर खिडकीबाहेर गेली आणि डोळे विस्फारले.

"उहटू नका!" सर ओरडले.

"अहो सर, कोण उपटतंय? नुसती भरतोय!" डॉक्टर म्हणाले.

"उहटू नका! हाहेर!" सरांनी खिडकीकडे बोट नाचवलं.

"डोळ्यांवर ऊन येतंय होय?" डॉक्टरांनी प्रेमाने पडदा ओढला. "दुखतंय का? आणखी एक इंजेक्शन देऊ?"

झालं! सरांनी डॉक्टरांचा हात झटकला, खुर्चीतून उडी मारली आणि गळ्यातल्या रुमालासकट, एका गालात कापूस, दुसऱ्यातून लाळ अशा अवतारात ते अंगणात अवतरले.

"उहटू नका!"

ते ध्यान बघून चौघांपैकी एकाने फाटकावरूनच उडी मारली. उरलेले तिघे हातातल्या जुड्या धरून थिजले. मागोमाग डॉक्टर धावत आले. अर्धी बाग फाटकाशी ढीग होऊन पडली होती.

"ताई! हे काय केलंत?"

"साफसफाई!" ताई अभिमानाने म्हणाल्या आणि डॉक्टरांचा चेहरा बघून लगेच रडवेल्या झाल्या. "मला वाटलं, तण आहे. सगळं सारखंच दिसतं हो!"

डॉक्टर मटकन पायरीवर बसले. सर मात्र गुडघे टेकून एकेक रोप उचलू लागले. मुळं अजून ओली होती! मग काय, डॉक्टरांनी खड्डे केले, तिघांनी रोपं लावली, कुणी तांब्याने पाणी घातलं. दुखऱ्या दाढांची आठवणसुद्धा कुणाला राहिली नाही. डॉक्टर मातीने इतके माखले आणि इतके खूष झाले, की ताईंवर रागवायचं राहूनच गेलं.

"आता नावं लावते," ताई म्हणाल्या. "पुन्हा घोटाळा नको. सर, सांगा!"

सर सांगत गेले, ताई लिहीत गेल्या. कंपनीने फुकट दिलेले टूथब्रश उलटे खोचून त्यांवर पाट्या बांधल्या. मग सरांची दाढ भरून झाली आणि तोंड ताळ्यावर यायच्या आत ते घरी गेले.

पाट्यांची जादू अशी, की त्याच दिवसापासून रानाची बाग झाली. जाणारेयेणारे थांबून वाचू लागले, पेशंट परतले. आठवड्याने तर शहराच्या मोठ्या बागेचे अधीक्षक वही घेऊन हजर!

"हुनर्नवा! हुईआवळी! आंहुशी!" ते भारावून वाचत होते. "तीस वर्षं नोकरी केली, पण ही नावं कधी ऐकली नाहीत. दुर्मीळ दिसतात! आमच्या बागेसाठी द्याल का?"

डॉक्टरांनी पहिल्यांदाच नीट पाट्या वाचल्या. पुनर्नवा, भुईआवळी, आंबुशी. तिन्ही कुठल्याही कुंपणाशी सापडणाऱ्या! खरं सांगायला त्यांनी तोंड उघडलं. पण अधीक्षकांच्या डोळ्यांत पाणी तरळत होतं.

"न्या," डॉक्टर म्हणाले. "फक्त जपा. फार नाजूक असतात."