नग एक, दृष्टी उत्तम

प्रवरेकाठच्या एका तालुक्याच्या गावी, सरकारी कार्यालयातला मासा सोमवारी सकाळी काचेवर चार वेळा आपटला. ही बाब शिपाई राहीबाई यांनी अव्वल कारकून गोरक्ष निर्मळ यांच्या निदर्शनास तोंडी आणली.

“भाऊसाहेब, माशाला दिसत न्हाई. दानं नाकाम्होरं पडलं तरी कळंना त्याला.”

“मावशी, आपटतो म्हणून आंधळा? आपल्याकडं रोज दोनशे लोक डोकं आपटून जातात. त्यांना काय दिसत नाही?”

मासा दोन वर्षांपूर्वी सुशोभीकरण मोहिमेत आला होता. कार्यालयात जिवंत वस्तूंसाठी नोंदवही नसल्याने त्याची नोंद जडवस्तूंच्या नोंदवहीत, छताचा पंखा आणि लोखंडी कपाट यांच्या मध्ये झाली होती : ‘मासा, नारंगी, नग एक.’

राहीबाईंनी त्याच्यापुरता उपाय काढला होता. काचपेटीच्या डाव्या कोपऱ्यावर चमच्याने तीनदा टकटक करायची आणि दाणे तिथेच सोडायचे. मासा आवाजाच्या रोखाने येई आणि खाई. निर्मळांनी यावर हरकत घेतली. त्याच नोंदवहीतल्या कपाटासाठी कोणी चमचा वाजवत नाही. एकाच वस्तूला जादा सवलत द्यायची तर अंधत्वाचा दाखला हवा. तोवर दाणे मधोमध, एकदाच आणि चमच्याविना टाकावेत.

गुरांच्या डॉक्टर पुष्पावती यांना बोलावण्यात आले. त्यांच्या छापील नमुन्यात गाय, म्हैस, शेळी आणि कोंबडी एवढेच रकाने होते. त्यांनी कोंबडी खोडून मासा लिहिले आणि काचेला डोळा लावला.

“बुबुळं पांढुरकी झालीत. बहुतेक दिसत नसावं. दिवा मंद ठेवा, एकाच जागी खायला द्या. बाई करतात ते बरोबर आहे.”

“बहुतेक म्हणजे किती टक्के, मॅडम?”

“माशाची टक्केवारी काढत नाहीत.”

“म्हणजे शून्य,” असे म्हणून निर्मळांनी तशी नोंद केली.

तरीही अन्याय नको म्हणून बुधवारी तीन जणांच्या समितीने प्रत्यक्ष चाचणी घेतली. काचेसमोर एक परिपत्रक धरण्यात आले. माशाने तोंड उघडले, मिटले, पुन्हा उघडले. समितीने अहवाल दिला : ‘मासा परिपत्रक ओठ हलवून वाचतो. दृष्टी उत्तम.’ चमचा त्याच दिवशी जप्त झाला.

दाणे तळाशी कुजू लागले. मासा पाण्याच्या वरच्या थरात तोंड फिरवत राही. राहीबाईंनी गुरुवारी बांगडीने टकटक केली, तेव्हा त्यांना कारणे दाखवा नोटीस मिळाली. त्यांनी कारण दाखवले : “त्यो उपाशी हाय.” हे कारण विहित नमुन्यात नव्हते.

पुढे तक्रारीला वाव राहू नये म्हणून निर्मळांनी जनतेलाच साक्षीदार करायचे ठरवले. काचपेटीशेजारी एक वही ठेवण्यात आली : ‘मासा पाहिला. दृष्टी उत्तम.’ पुढे नाव, सही, शेरा. या सहीशिवाय कोणालाही टोकन मिळणार नव्हते. लोकांची तक्रार नव्हती. बहुतेकांनी एकच प्रश्न विचारला : “सही कुठं करायची?”

शुक्रवारी दुपारी मासा कुशीवर तरंगू लागला. राहीबाईंनी आपला जेवणाचा डबा धुतला, पेटीतलेच पाणी त्यात घेतले, मासा अलगद सोडला आणि पदराखाली धरून रांगेतल्या बावीस माणसांसमोरून बाहेर पडल्या. कोणी मान वर केली नाही. एकाने मात्र “बाई, रांग तिकडून हाय,” असे बजावले.

कोल्हारला घरी त्यांनी मासा मोठ्या पातेल्यात सोडला. पातेल्याच्या कडेवर चमचा वाजवला. बराच वेळ काही झाले नाही. मग तो हळूच कडेला आला आणि एक दाणा त्याने खाल्ला.

सोमवारी राहीबाई सरळ निर्मळांसमोर उभ्या राहिल्या.

“भाऊसाहेब, मासा म्या नेला. माझ्या घरी हाय. काय करायची ती कारवाई करा.”

निर्मळांनी रिकाम्या पेटीकडे पाहिले, मग वही उघडली.

“मावशी, तुम्ही गेल्यानंतर शुक्रवारी एकतीस आणि आज सकाळपासून बत्तीस. त्रेसष्ट नागरिकांनी मासा पाहिलाय, सहीनिशी. नेल्याचं तुम्ही एकट्याच म्हणताय.”

“आवो, पेटीत बघा की!”

“बघायचं काम समितीचं.” त्यांनी वही मिटली. “आणि तोंडी तक्रार चालत नाही.”

मासा कोल्हारला धष्टपुष्ट झाला आहे. कार्यालयातली पेटी रोज पुसली जाते, पाणीही बदलले जाते. वहीचा आता तिसरा खंड सुरू आहे. गेल्या महिन्यात तुम्ही उत्पन्नाच्या दाखल्यासाठी गेला होता, त्या दिवशीच्या पानावर तुमचीही सही आहे. शेरा लिहिण्याची सक्ती नव्हती. तरी तुम्ही आपणहून लिहिले आहे : ‘मासा चपळ आहे.’