गच्चीवरचा राखणदार

तीजानीने अंगणात पाखरांसाठी बाग लावली आणि सलूहाच्या डोक्याला कायमचा ताप झाला. ट्युनिशियातल्या नाब्युलच्या त्या टीचभर घरात अंगण हे तिचं राज्य. दर उन्हाळ्यात वर्षभराचा कुसकुस, म्हणजे गव्हाच्या रव्याचे बारीक दाणे, ती हाताने वळायची, वाफवायची आणि तिथेच चादरींवर कडकडीत वाळवायची. पोस्टातून निवृत्त झालेल्या नवऱ्याने तीन वर्षांत तिथलं ऊनच झाकून टाकलं होतं.

"खायला तुती, टिपायला सूर्यफुलं, घरट्याला काटेरी झुडपं," तीजानी बोटांवर मोजून सांगे.

"आणि कुसकुस कुठे वाळवू? तुमच्या टकलावर?"

"अगं, पाखरं येतील!"

"तीन वर्षं झाली. एक चिमणी तरी फिरकलीय का?"

फिरकली नव्हती. बिचारा रोज सकाळी खुर्ची टाकून वाट बघायचा, आणि त्याची दया येते म्हणूनच सलूहाला जास्त राग यायचा.

शेवटी यंदा तिने कंबर मोडेस्तोवर चादरी गच्चीवर नेल्या. तासाभरात गावातल्या यच्चयावत चिमण्या तिथे पंगतीला बसल्या.

"आली! आली!" तीजानी धावत वर आला. "म्हटलं नव्हतं?"

"अहो, ती तुमच्या बागेत नाही, माझ्या कुसकुसात आलीत!"

तिने वरून मलमल घातली, तर कुसकुसाला कुबट वास सुटला. मग त्याचा पोस्टातला जुना कोट काठीवर टांगला. दुपारपर्यंत त्याच्या खिशात एक चिमणी खुशाल बसलेली. सलूहा रडायचीच बाकी होती.

"आता तुम्हीच बसा," तिने नवऱ्याच्या डोक्यावर गवती टोपी दाबली. "दोन दिवस. हलायचं नाही. हा कुसकुस गेला, तर वर्षभर तुती शिजवून घालीन."

तीजानी बसला आणि चिमण्या हाकलायला टाळ्या पिटू लागला. खाली सलूहाने हुश्श करून चहाचा पेला तोंडाला लावला, तोच काटेरी झुडूप सळसळलं. वरून हाकललेल्या चिमण्या थेट तिथे शिरत होत्या. तुतीवरही पाच-सहा उतरल्या. एकीच्या चोचीत अजून कुसकुसाचा दाणा होता.

"अगं, खाली कोणी आलं का?" वरून आशाळभूत आवाज आला.

सलूहाने पेला खाली ठेवला. खरं सांगितलं, तर हा माणूस एका ढांगेत खाली येणार, आणि चिमण्या एका झेपेत वर जाणार.

"कोणी नाही!" ती ओरडली. "टाळ्या थांबवू नका!"

आणि आवाज न करता तिने त्याची खुर्ची झुडपाजवळ ओढली आणि त्याच्याऐवजी स्वतःच चिमण्या बघत बसली.