पंज्याचा पेच

दुकानाच्या दारातल्या मशीनवर पाटी होती : 'नशीब आजमावा'. परवाने तपासायला आलेल्या निरीक्षकांनी ती दोनदा वाचली, तेव्हा दुकानदार लगबगीने बाहेर आला. घरातली सगळी शिल्लक घालून घेतलेलं मशीन होतं ते. काचेच्या पेटीत कापडी अस्वलं, ससे, हत्ती आणि वरून लोंबणारा तीन बोटांचा पंजा. नाणं टाकून दांडी ओढली की पंजा खाली यायचा, अस्वलाचं डोकं कुरवाळायचा आणि रिकामाच वर जायचा. त्याने कुरवाळण्यापलीकडे काही करू नये, म्हणून दुकानदाराने आतला पेच स्वतःच्या हाताने सैल केला होता. पोरं रडत घरी जात. दुकानदार याला धंद्याची अक्कल म्हणे.

"नशिबावर पैसे लावायचे म्हणजे जुगार," निरीक्षक म्हणाले. "मशीन न्यावं लागेल."

"नशीब कसलं, साहेब? हातातल्या कौशल्याचा खेळ आहे. पाटी रंगवणाराच अडाणी."

"पाटी मी रंगवलीय," गल्ल्यावरून बायको म्हणाली. "तुम्ही सांगितलंत तशीच."

निरीक्षक शांत स्वभावाचे होते. "कौशल्य असेल तर सोपं आहे. सराव असलेला जिंकेल, नसलेला हरेल. उद्या दाखवा, नवखा म्हणून मीही खेळून बघतो. तसं झालं तर खेळाचा परवाना देतो."

ते जाताच दुकानदाराने पेच आवळायला घेतला. "उद्या तू खेळायचंस."

"मला कुठे सराव आहे?"

"पंजा असा आवळतो की तू जिंकशीलच."

"अहो, पण मग साहेबही जिंकतील की."

"तू फार विचार करतेस," तो म्हणाला. विचार करणं त्याला नेहमीच खर्चिक वाटे.

सकाळी नवी पाटी लागली : 'कौशल्य दाखवा'. रंग अजून ओला होता. बायकोने तीन नाणी टाकली, तीन खेळणी काढली.

"बघा साहेब, सराव," दुकानदार म्हणाला.

मग निरीक्षक पुढे झाले. हत्ती आला.

"चुकून लागला असेल."

ससा आला.

"साहेबांचा हात मुळातच तयार दिसतो."

तिसऱ्यांदा निरीक्षकांनी डोळे मिटून दांडी ओढली. एकमेकांच्या गळ्यात पडलेली दोन अस्वलं बाहेर आली.

"सराव असो, नसो, माल हातात पडतोच," ते म्हणाले. "म्हणजे हा जुगार नाही."

"कालपासून मी तेच सांगतोय."

"आणि खेळही नाही. पैसे टाकले की वस्तू हमखास मिळते, त्याला काय म्हणतात?" त्यांनी वर्गात विचारावं तसं विचारलं.

दुकानदाराने उत्तरासाठी नव्या पाटीकडे बघितलं.

"दुकान," बायको म्हणाली.

"बरोबर." निरीक्षकांनी विक्रीचा परवाना लिहिला आणि आवळलेल्या पेचावर सील ठोकलं. "भरलेला माल संपेपर्यंत मशीन बंद ठेवायचं नाही. नाणं पडलं आणि खेळणं आलं नाही, तर ती फसवणूक. मग मशीन नाही, तुम्हालाच न्यावं लागेल."

एक खेळणं दुकानदाराला चार नाण्यांना पडलं होतं.

दुपारपर्यंत रांग कोपऱ्यापलीकडे गेली. काल रडलेली पोरं दोन्ही काखांत ससे मारून निघाली होती. शेवटी दुकानदारही मूठभर नाणी घेऊन रांगेत उभा राहिला. आपलाच माल इतका स्वस्त त्याला दुसरीकडे कुठे मिळणार होता?

त्याची पाळी आली. घाईघाईत त्याने आत न बघताच नाणं टाकून दांडी ओढली. पंजा खाली आला, पेटीचा रिकामा तळ त्याने हळुवार कुरवाळला आणि तो वर गेला.

बायकोने गल्ल्यावरून वही पुढे ओढली.

"तक्रार कोणाच्या नावे लिहू?"