मावशींना भाचाच नाही

"मावशी, उद्या कोणी विचारलं तर खरं बोलायचं," भाच्याने पुन्हा एकदा बजावलं.

"खरं म्हणजे कुठलं?" मावशींनी भाजी चिरता चिरता विचारलं. त्यांची शंका रास्त होती. एक तपभर त्यांनी भाच्यासाठी इतक्या तऱ्हेचं खोटं सांभाळलं होतं, की खरं नेमकं कुठे ठेवलंय हे त्यांनाही चटकन आठवत नव्हतं.

मुळात भाचा हा मावशींचा भाचा नव्हताच, भाडेकरू होता. परदेशातून आला, नळदुरुस्तीचं काम करू लागला, राहण्याच्या परवान्याची मुदत संपली आणि हा मात्र राहून गेला. पहिल्याच वर्षी एक पोलीस चौकशीला आला, तेव्हा मावशींनी "माझा भाचा आहे, बोलायला लाजतो" असं ठोकून दिलं होतं. त्या दिवसापासून तो साऱ्या गल्लीचा भाचा झाला. पुढे सरकार जास्त कडक झालं, तेव्हा भाच्यानेच सगळ्यांना नवा धडा दिला: कोणीही विचारो, असा माणूस आम्ही पाहिलेलाच नाही. गल्लीने तो धडा इतका घोटला की दोन वर्षांची पोरंसुद्धा अनोळखी माणूस दिसला की "भाचा नाही" म्हणू लागली.

आणि आता नेमके फासे उलटे पडले होते. अशा बिनपरवाना लोकांना कायम करावं की नाही, या विधेयकावर विधिमंडळात रणधुमाळी चालली होती. दहा वर्षं राहिलेल्याला परवाना द्या, असं एक बाजू म्हणत होती. ही माणसं आज इथे तर उद्या तिथे, आपल्यात मिसळत नाहीत, आपलं वळण उचलत नाहीत, असं दुसरी. भांडून घसे बसले तेव्हा असं ठरलं, की दोन्ही बाजूंच्या सदस्यांनी वस्त्यांमध्ये जाऊन प्रत्यक्ष पाहून यावं, आणि पाहणीत सापडलेल्या कोणालाही धरू नये. ही पाहणी उद्या भाच्याच्या गल्लीत होती.

परवाना मिळाला की भाच्याला एकच गोष्ट करायची होती, आईला भेटायचं. देशाबाहेर पाऊल टाकलं की परतीची वाट बंद, म्हणून इतकी वर्षं त्याने आईला फक्त फोनवर पाहिलं होतं. आईला आताशा ऐकू कमी यायचं. ती फोन कानाशी धरायची आणि भाच्याला फोनमध्ये नुसता आईचा कान दिसायचा. तो कान बघूनही त्याला रडू यायचं.

मावशींना पढवून तो बेकरीवाल्याकडे गेला. बेकरीवाल्याने त्याला भट्टीमागे ओढलं.

"पकडलं का रे तुला? धमकी देऊन बोलायला लावतायत? नुसती मान हलव."

"नाही हो! मी इथे बारा वर्षं राहतो हे खरंच सांगायचंय!"

"कळलं," बेकरीवाला डोळा मारून म्हणाला. "तू बिनघोर झोप."

भाच्याची झोप उडाली ती तिथून.

दुसऱ्या दिवशी पाहणी आली. विधेयकाच्या बाजूच्या सदस्यबाई हसतमुख होत्या. विरोधातले सदस्यसाहेब ऐसपैस होते, आणि त्यांच्या पांढऱ्या कपड्यांची इस्त्री अजून ऊबदार वाटत होती. भाचा स्वतःहून पुढे झाला. "मी बारा वर्षं इथे राहतो, साहेब. कोणालाही विचारा."

साहेबांनी बेकरीवाल्याला विचारलं.

"हा? जन्मात पाहिला नाही," बेकरीवाला म्हणाला आणि सवयीने भाच्याचा रोजचा पाव त्याच्या हातात ठेवून मोकळा झाला. सुदैवाने, किंवा दुर्दैवाने म्हणा, साहेब तेव्हा खारीकडे बघत होते. शिंपीणकाकूंनी तर मुलीच्या गळ्याची शपथ घेतली. भाच्याच्या अंगातला शर्ट त्यांनीच शिवलेला होता. राहता राहिले निवृत्त मास्तर. ते आयुष्यात कधी खोटं बोलले नव्हते, म्हणून त्यांनी आधीच चष्मा काढून खिशात टाकला होता. "मला समोरचं काही दिसत नाही," त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं.

"बघा बाई!" साहेबांना आनंद मावेना. "गडी म्हणतो राहतो, गल्ली म्हणते पाहिलाच नाही! अशांना कायम करायचं?"

सदस्यबाईंचं हसू मावळलं. "याच्या घरमालकिणीला तरी विचारू," त्या म्हणाल्या.

मावशी दारातच कंबरेला पदर खोचून उभ्या होत्या. "भाचा? मला बहीणच नाही, तर भाचा कुठून येणार?" एवढं एक मात्र त्या शंभर टक्के खरं बोलल्या.

"मावशी, पाया पडतो तुमच्या!" भाचा रडकुंडीला आला.

"ए! मावशी कुणाला म्हणतोस?" मावशी कडाडल्या, आणि साहेबांची नजर चुकवून त्यांनी भाच्याकडे असं पाहिलं, की बघ, कसं वाचवलं तुला.

साहेबांचं काम फत्ते झालं होतं. गल्लीत फिरून धूळ बसली म्हणून ते हात धुवायला स्वयंपाकघरात गेले. त्यांनी नळ फिरवला तो मुळासकट हातात आला. पाण्याचा फवारा आधी छताला लागला आणि मग साहेबांना.

"मेल्या!" मावशींचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला. "बारा वर्षं सांगतेय, वॉशर बदल, वॉशर बदल! साऱ्या गावाचे नळ बघतोस आणि घरचा नळ सुतळीने बांधून ठेवतोस!"

भाचा तोवर कपाटामागे हात घालून मुख्य कॉक बंद करून मोकळा झाला होता. पाणी थांबलं. मावशींनी जीभ चावली, पण उशीर झाला होता. दाराशी जमलेल्या गल्लीचाही धीर सुटला होता. भाच्यासाठी खोटं बोलायची सगळ्यांची तयारी होती, पण तक्रार गिळायची कोणाचीच नव्हती.

"आणि माझी मोरी?" बेकरीवाला घुसला. "दुकान उघडलं त्या वर्षी उद्या येतो म्हणाला. तेव्हापासून पाटी दोनदा रंगवली मी!"

"मुलगी पाळण्यात होती तेव्हा आमची टाकी गळायला लागली," शिंपीणकाकू म्हणाल्या. "आता ती सहावीत गेली. टाकी तिथेच!"

मास्तरांनी खिशातला चष्मा डोळ्यांवर चढवला. "हाच तो," ते म्हणाले. "मी निवृत्त झालो त्या दिवशी माझ्या न्हाणीघरात फरशी उखडून गेला, तो अजून आलेला नाही."

सदस्यबाई भराभर लिहून घेत होत्या. भाचा मान खाली घालून उभा होता आणि त्याला हसू आवरत नव्हतं. इतक्या आनंदाने शिव्या कोणी खाल्ल्या नसतील. पण साहेब मावशींच्या टॉवेलात गुंडाळून उभे होते. ते तसेच गाडीत बसून निघून गेले आणि भाच्याचं हसू थांबलं.

चर्चेच्या दिवशी गल्ली मावशींच्या टीव्हीसमोर बसली होती. सदस्यबाई माणुसकीवर फार सुंदर बोलल्या. सभागृहाने जांभया दिल्या. मग साहेब उठले आणि भाच्याने डोळे मिटून घेतले.

"अध्यक्षमहाराज, या माणसांना आपलं वळण लागत नाही, असं मीच इथे म्हणालो होतो. मी स्वतः जाऊन आलो. एक नळवाला पाहिला. घरचा नळ गळका. शेजाऱ्यांना दहा-दहा वर्षं उद्या येतो म्हणून सांगितलेलं. माझा नळवाला सात पिढ्यांचा इथला आहे. तोही गेली पाच वर्षं उद्याच येतोय. या गड्याला मी परका कोणत्या तोंडाने म्हणू?"

सभागृह खो खो हसलं. घरी गळका नळ नाही असा सदस्य बहुधा कुठल्याच बाकावर नव्हता. विधेयक काठावर का होईना, पास झालं. मास्तर मोठमोठ्याने नाक शिंकरू लागले, आणि भाचा ओंजळीत तोंड लपवून पोरासारखा रडला.

परवाना हातात पडला त्या आठवड्यात भाच्याने तिकीट काढलं. मावशी त्याची बॅग भरायला बसल्या. घडी घातलेला शर्ट त्यांनी उलगडला आणि पुन्हा घडी घातली.

"किती दिवस?"

"महिनाभर."

"आईला बघायला महिना कशाला लागतो?" मावशींनी दुसरा शर्ट उलगडला. "आणि तिने नाहीच सोडलं तर?"

"येईन हो, मावशी."

"तुझं येईन मला चांगलं ठाऊक आहे." त्यांनी डोळे पुसले आणि त्याच्यावर बोट रोखलं. "महिन्याच्या वर एक दिवस झाला ना, तर पोलिसांत जाऊन कळवीन!"

"काय कळवणार?"

"आमचा माणूस तिकडे बेकायदा राहतोय म्हणून!"