सोललेले वाल

यासीन दळवीकडे कोणी काही सांगायला गेलं की तो आधी विचारतो, "छोटी हाय का मोठी?" म्हणजे गोष्ट. छोटी असेल तर तो उभ्यानं ऐकतो, मोठी असेल तर खुर्ची ओढून बसतो. त्याचं म्हणणं असं, की छोट्या गोष्टीला जो बसतो तो ती मोठी केल्याशिवाय उठत नाही, आणि देशाचा निम्मा वेळ तिथंच जातो.

मी त्याला कायम "छोटी" असंच सांगत आलो. मग मेहुण्याच्या जमिनीची मोजणी असो, नाहीतर मी भिवपुरीच्या वीजघरात नोकरीला असताना यंत्रांच्या खोलीत शिरलेली धामण असो, सगळं त्याला उभ्यानं ऐकावं लागायचं. धामण बाहेर पडेपर्यंत तो या पायावरचा भार त्या पायावर टाकत राहायचा. खुर्ची हाताशीच असायची, पण एकदा छोटी म्हटलं की छोटी. मी उठताना एवढंच म्हणायचा, "अण्णा, तुमची मोठी कवा येणार आसंल तर आदी सांगा. मी जेवून बसेन."

कर्जतमध्ये यासीनबद्दल दोन गोष्टी सांगतात. पहिली ही, आणि ती खरी आहे. दुसरी अशी, की मोहोपाड्यात त्याची एक बाई आहे. ती खोटी आहे. हे मी इतक्या खात्रीनं सांगतो कारण ती मीच तयार केली. सलूनमध्ये तोंडाला साबण असताना सोडलेलं वाक्य गावभर फिरायला वेळ लागत नाही. ते गोळा करून आणायचं तर मात्र असं लिहायला बसावं लागतं.

यासीन मूळचा टाइमकीपर. खोपोलीच्या एका कारखान्याच्या फाटकावर बसून कामगारांच्या येण्याजाण्याच्या वेळा मांडायचा. कारखाना बंद पडला तेव्हा त्यानं घरी येऊन जाहीर केलं, "लोकांचा वेळ मोजून खाल्लं. आता वाचवून खाऊ." मुलगी सायमा नुकतीच संगणकाची पदवी घेऊन बसली होती. दोघांनी दहिवलीत औषधांच्या दुकानावर एक खोली घेतली आणि धंदा सुरू केला: लोकांची कामं वेळेवर व्हावीत म्हणून मोबाइलमध्ये घालायचं ॲप. त्याचं नाव 'उरक'.

उरकमध्ये डोकं सायमाचं आणि आवाज यासीनचा. तुम्ही दिवसभराची कामं त्यात भरायची. वेळ झाली की फोन किणकिणत नाही, यासीन बोलतो. "दादा, सोडा आता ते. पुडचं घ्या." काम झालं नाही तर पुन्हा बोलतो, जरा चढ्या आवाजात. तिसऱ्यांदा तो नुसता सुस्कारा टाकतो. त्या सुस्काऱ्याला लोक फार घाबरतात. आमच्या इथले एक शिकवणीवाले मास्तर म्हणायचे, बायको बोलते ते चालतं, पण यासीनचा सुस्कारा काळजाला लागतो.

धंदा वाढला तो तालुक्याच्या रीतीनं. पोल्ट्रीवाले आले, टेंपोवाले आले, फार्महाउस सांभाळणारे आले. कोंडाण्याच्या एका रखवालदारानं आपला फोन बंगल्याच्या ओटीवर चार्जिंगला लावला आणि भाजी आणायला गेला. बंगल्यात मुंबईचं एक नवीन जोडपं उतरलेलं होतं. संध्याकाळी रिकाम्या ओटीवरून पुरुषी आवाज आला, "पंप बंद केलास का रं?" मग जरा वेळानं, "आजून नाय केलास?" आणि मग तो सुस्कारा. जोडपं बॅगा घेऊन जे निघालं ते थेट स्टेशनवर. यासीन स्वतः जाऊन त्यांची क्षमा मागून आला आणि परतताना त्यांच्या फोनमध्ये उरक घालूनच आला.

त्याहून मोठी फजिती एका लग्नात झाली. भटजींनी मुहूर्त चुकू नये म्हणून उरक लावून ठेवलं होतं. मंगलाष्टकं चालू, अंतरपाट धरलेला, वरमाई डोळे पुसतेय, आणि भटजींच्या कनवटीतून यासीन म्हणाला, "चला, उरका आता." नवऱ्या मुलानं तेवढ्यात हार घालून टाकला. भटजी चिडून कचेरीत आले तेव्हा यासीननं त्यांनाही विचारलं, "छोटी का मोठी?"

तक्रारींच्या बाबतीत त्याचा एक कायदा होता. तक्रार फोनवर मिटवायची नाही. गिऱ्हाइकाकडे जायचं, समोर बसायचं, आणि त्यानं स्वतःच्या तोंडानं "सुटली" म्हटल्याशिवाय उठायचं नाही. सायमा म्हणायची, "अब्बा, आपण वेळ वाचवायचा धंदा करतो आणि तुम्ही एका बटणासाठी माथेरानच्या पायथ्याला जाता." तो म्हणायचा, "त्याचा वाचतो ना? मंग माजा गेला तर कुटं बिगडलं?"

आता गुरुवारकडे येतो. दर गुरुवारी दुपारी यासीन दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून, अत्तराचा बोळा कानात ठेवून स्कूटरवर बसायचा. पुढच्या हुकाला एक रिकामा स्टीलचा डबा. कुठं निघालास म्हटलं तर "मोहोपाड्याला, काम हाय." संध्याकाळी परत यायचा तेव्हा डबा भरलेला. एकदा मी तो उघडून पाहिला. आत सोललेले वाल.

ज्यांना बिरडं, म्हणजे मोड आलेल्या वालांची उसळ, माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. कडवे वाल भिजवायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा चिमटीत धरून साल काढायची. दाणा निसटतो, उडतो, कपाटाखाली जातो. पातेलंभर सोलायचं तर अर्धी दुपार जाते. आमच्याकडे हे काम बायकांनी गप्पा मारत करायचं असतं. मी उभ्या जन्मात पुरुषाला वाल सोलताना पाहिलं नव्हतं. तेव्हा माझा हिशेब सोपा होता. यासीन विधुर. अत्तर लावून मोहोपाड्याला जातो. तिथून सोललेले वाल येतात. म्हणजे तिथं बाई आहे, आणि त्याच्यावर तिचा बराच जीव आहे.

हा शोध मी सलूनमध्ये सांगितला. न्हावी म्हणाला, "अण्णा, कमाल हाय तुमची." मला बरं वाटलं. वीजघरातून निवृत्त झाल्यापासून माझी कमाल कोणाला वाटली नव्हती.

महिनाभरातच त्या बाईला कोणी नर्स केलं, कोणी शाळामास्तरीण. एकानं तिला पाहिलंसुद्धा. मी गंमत बघत बसलो. आणि मग एक दिवस सायमा माझ्या घरी आली.

"अण्णा, अब्बा तुमच्याशी बोलतात. खरं सांगा. मोहोपाड्यात कोण आहे?"

"मला काय ठाऊक?" मी म्हणालो. पहिलं खोटं बोलायला मजा येते, दुसऱ्याला घाम येतो.

"मला पुण्याच्या कंपनीनं बोलावलंय. दोनदा नाही म्हटलं, अब्बा एकटे पडतील म्हणून. आता वाटतं, ते कुठं एकटे आहेत? त्यांचं घर वसत असेल तर मला आनंदच आहे हो. पण मला सांगितलं नाही. अम्मी गेल्यापासून आम्ही दोघंच तर आहोत. येत्या शुक्रवारी पुण्याला होकार कळवते. उरक बंद करावं लागेल. ते एकट्यानं चालवणं अब्बांना जमायचं नाही."

ती गेल्यावर आमच्या हिनं आतून विचारलं, "झालं समाधान?" माझ्या एका साबणातल्या वाक्यानं बाप-लेकीचं घर आणि धंदा दोन्ही उठत होतं. गुरुवार दुसऱ्याच दिवशी होता.

मी रिक्षा केली. रिक्षावाल्याला म्हटलं, त्या स्कूटरच्या मागं राहा. तो म्हणाला, "अण्णा, या वयात कोनाच्या मागं लागलाव?" यासीन स्कूटर इतकी सावकाश चालवतो की चौक गावापर्यंत आम्हाला दोनदा थांबून त्याला पुढे जाऊ द्यावं लागलं. एकदा तर रिक्षावाल्यानं त्याला हात केला आणि त्यानंही केला.

मोहोपाड्यात एका रासायनिक कारखान्याची जुनी वसाहत आहे. तिथल्या एका इमारतीत तो शिरला. मी समोरच्या पानाच्या टपरीमागं उभा राहिलो. दुपार उतरल्यावर तो भरलेला डबा घेऊन बाहेर आला आणि निघून गेला. मी जिना चढून, तो पहिल्या मजल्यावर ज्या दारात शिरताना दिसला होता, त्याची बेल दाबली. बाईला काय म्हणायचं ते पाठ करून ठेवलं होतं.

दार उघडलं ते बनियन घातलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी. माझ्याच वयाचे. पाटकर त्यांचं नाव. कारखान्याच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेले. मागं जमिनीवर वर्तमानपत्र पसरलेलं, त्यावर वालाच्या सालांचा ढीग आणि दोन पाट.

मी यासीनचा मित्र म्हणून सांगितलं तेव्हा ते हसले. "या, या. मी म्हणजे त्याची तक्रार."

झालं होतं ते असं. पाटकर एकटे राहतात. त्यांनी उरक घेतलं आणि त्यांची सगळी कामं सकाळीच आटपायला लागली. त्यांनी कचेरीत फोन केला: तुमच्या ॲपनं माझा वेळ वाचला, आता वाचलेल्या वेळाचं काय करायचं, ते त्यात कुठंच दिलेलं नाही, तरी दुरुस्ती करावी. "मी चेष्टेनं केला होता हो. तर हा गुरुवारी दारात हजर. म्हणाला, तक्रार मोठी हाय, बसतो. त्या दिवशी माझे वाल सोलायचे होते. त्यानं पाट ओढला आणि सोलायलाच लागला. हात काय चालतो त्याचा."

"मग अजून सुटली नाही तक्रार?"

"कधीच सुटली. मी आता वाचनालयात जातो, वसाहतीतल्या पोरांना रसायन शिकवतो. मला खरं तर गुरुवारची दुपार मोकळी मिळत नाही म्हणून अडचण होते. त्याला दहादा म्हटलं, सुटली, बंद कर. तो म्हणतो, नाय साहेब, पुरती सुटली नाय, मला दिसतंय. मग मी वाल भिजत घालतो." त्यांनी सालं वर्तमानपत्रात गुंडाळली. "त्याची बायको होती तेव्हा दोघं मिळून सोलायचे म्हणे. ती गेल्यावर त्यानं घरी एकदा वाल भिजवले, तर मुलगी म्हणाली, अब्बा, बाजारात तयार मिळतात, वेळ वाचवा. आता तिला काय बोलणार? तिला ते त्यानंच शिकवलं."

परतीच्या वाटेवर रिक्षावाल्यानं विचारलं, "दिसली का बाई?" मी म्हटलं, "पुढं बघून चालव."

शुक्रवारी सकाळीच मी कचेरीत गेलो. यासीन खाली औषधवाल्याचा फोन नीट करून देत होता. मी सायमाला सगळं सांगितलं: पाटकर, पाट, सालं, आणि बाई कोणी जन्माला घातली तेही. ती आधी हसली. मग संगणकाकडे तोंड करून बसली.

"मला वाटायचं, ते विकत आणतात," ती म्हणाली. "मी त्यांना म्हणायचे, बघा अब्बा, किती वेळ वाचला." मग माझ्याकडे वळली. "आणि अण्णा, तुम्ही वालावरून बाई काढलीत?"

"तर्क केला."

"वीजघरात कसं ठेवलं हो तुम्हाला? पुण्याला मी कळवते, मला वेळ हवा म्हणून. पण तुमचं अब्बांना तुम्ही सांगायचं. मी नाही सांगणार."

एवढ्यात जिन्यावर यासीनची पावलं वाजली. तो आत आला. सायमा चहाच्या निमित्तानं बाहेर गेली. जाताना दार ओढून घेतलं.

"या अण्णा. छोटी हाय का मोठी?"

"मोठी," मी म्हणालो.

इतक्या वर्षांत मी हा शब्द त्याच्यापुढे कधी उच्चारला नव्हता. त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं, खिशातला फोन टेबलावर ठेवला, खुर्ची ओढली आणि बसला. मी सांगितलं. साबणापासून रिक्षापर्यंत, काही गाळलं नाही. पाटकर काय म्हणाले तेही सांगितलं. तो आपल्या बोटांकडे बघत ऐकत होता. सोलून सोलून टोकं पांढरी पडली होती.

मी थांबलो. तो म्हणाला, "रिक्षा मला चौकलाच दिसली होती. म्हटलं, अण्णा दवाखान्यात चाललं आसतील." मग म्हणाला, "ही व्हय तुमची मोठी? ही तर छोटी निगाली, अण्णा."

"मग ऊठ की," मी म्हणालो. "नियम तुझाच आहे."

तो उठला नाही. खिडकीतून बाजाराकडे बघत बसून राहिला. टेबलावरच्या फोनमधून त्याचाच आवाज आला, "दादा, सोडा आता ते. पुडचं घ्या." काही वेळानं पुन्हा आला, जरा चढा. तिसऱ्यांदा सुस्कारा यायचा होता. यासीननं हात लांबवून फोन बंद केला.

"ती धामण," तो म्हणाला. "यंत्राच्या खोलीतली. ती बाहेर कशी काडली व्हती? परत सांगा. तवा उभ्यानं नीट ध्यानात नाय आलं."